स्ट्रीट बाराचे सत्तावीस खड्डे

रस्त्याबद्दल आईला पत्र लिहिलं ते मार्च महिन्यात, आणि तिथेच मी फसलो.

त्या दिवशी पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर दोनमधल्या आमच्या स्ट्रीट बारावर डांबर पडलं होतं. रोलर फिरून गेला, डांबराचा वास मागे राहिला, आणि मी ओट्यावर बसून हुरळून जाऊन लिहिलं, ‘माझ्या दारापुढून डांबरी रस्ता जातो. वाटाणा टाकला तर शेवटच्या क्वार्टरपर्यंत थांबत नाही.’ मी रोलिंग मिलमध्ये रिगर. जड यंत्रं दोरखंडांनी बांधून उचलायची, हे आमचं काम. वजन जास्त सांगितलं तरी गोत्यात, कमी सांगितलं तरी गोत्यात, म्हणून आम्हाला मोजून बोलायची सवय. त्या दिवशी मात्र मी सुटलो.

आई, भीमाबाई, पवनीजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची. बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. आदल्या उन्हाळ्यात ती विहिरीपाशी पडली आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिली. हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच माणसाकडून. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. तीनदा बोलावलं, तीनदा नाही म्हणाली. एकदा शेळी व्यायला झाली होती, एकदा धानाची कापणी होती, एकदा नुसतंच ‘मले तिथं करमत नाही’. न येताच करमत नाही!

पण रस्त्याच्या पत्राला उत्तर आलं. गावातल्या मास्तरांकडून तिने लिहून घेतलं होतं, ‘दसऱ्याले दीक्षाभूमीवर येतो. तिथून चार दिस तुयाकडं. एवढा काय रस्ता हाय, थो पायतो.’

आवडलं तर ती राहील, हे मी माझंच ठरवून टाकलं. कांता, माझी बायको, म्हणाली, ‘‘आत्याबाई रस्ता पाहाले येऊन राहिल्या. रस्ता हाय कुठी?’’

तिचंही खरंच होतं. जूनमध्ये पाण्यावाल्यांनी रस्ता खोदला. जुलैत वीजवाल्यांनी केबल टाकली. ऑगस्टमध्ये ड्रेनेजवाले आले. प्रत्येकाने खोदलं, वर माती लोटली आणि निघून गेला. उरलेलं काम पावसाने केलं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मी मोजले, तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सत्तावीस खड्डे निघाले. दसऱ्याला सहा आठवडे होते.

मी तापट माणूस. पाळी संपवून घरी आलो की चहाही धड प्यायचो नाही. कप हातात घेऊन रस्त्यावर जायचो, या टोकाला, त्या टोकाला. रात्री पाऊस वाजला की उठून बसायचो, आता कुठला वाढला असेल म्हणून. कांता म्हणायची, ‘‘झोपा ना आता. खड्डे काही पळून नाही जाऊन राहिले.’’ मला तेच तर नको होतं.

टाउनशिपच्या मेंटेनन्स ऑफिसच्या खिडकीत केवलराम बसायचा. दुर्गजवळच्या खेड्यातला छत्तीसगढी माणूस, गालात कायम लवंग, आणि स्वभावाने इतका थंड की त्याच्याशी भांडताना आपलाच घसा सुकावा.

‘‘क्या बिगड़ा है?’’ त्याने विचारलं.

‘‘रोड.’’

त्याने रजिस्टर फिरवून त्यातले रकाने माझ्यासमोर धरले. ‘‘नल है, संडास है, बिजली है, दरवाजा-खिड़की है. रोड का खाना किधर है, आप ही बताओ.’’

‘‘नहीं है तो बना लो!’’

‘‘चलो, बना लिया. क्वार्टर नंबर? बिना क्वार्टर नंबर के कम्प्लेंट चढ़ती नहीं. रोड का क्वार्टर नंबर क्या है?’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पेन ओढून घेतलं आणि माझ्याच क्वार्टरचा नंबर ठोकून दिला. ‘9 बी. गड्ढा. अर्जंट.’ केवलरामने शांतपणे शिक्का मारला.

अर्जंट काम नवव्या दिवशी झालं. बळीराम मिस्त्री दोन माणसं आणि सिमेंट घेऊन आला. मी कामावर, कांता रेशनच्या रांगेत. कागदावर लिहिलं होतं 9 बी, म्हणून त्याने 9 बीमध्ये खड्डा शोधला, आणि शोधणाऱ्याला तो मिळालाही. परसात कांताने केळीसाठी गुडघाभर खोल आळं खणलं होतं. भांड्यांचं पाणी त्यात जायचं, केळ जोमात होती. बळीरामने ते आळं काँक्रीट ओतून काठोकाठ भरलं आणि वरून थापी फिरवून असं गुळगुळीत केलं की काय सांगू! केळ गळ्यापर्यंत सिमेंटात उभी होती.

‘‘रस्त्यावरचे सत्तावीस सोडून माहाच एक खड्डा सापडला का तुमाले?’’ कांता म्हणाली, आणि मग दोन दिवस काहीच म्हणाली नाही. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

मी पुन्हा केवलरामच्या खिडकीशी. त्याने सगळं ऐकून घेतलं, लवंग या गालातून त्या गालात नेली आणि नवा नियम सांगितला. ‘‘जिसने खोदा, वही भरेगा. किसका गड्ढा है, पता करके लाओ.’’

म्हणजे आता खड्ड्यांचे बाप शोधायचे! रविवारी मी मापाची फीत आणि वही घेऊन रस्त्यावर उतरलो. अर्ध्या तासात सगळी गल्ली बाहेर आली. पाण्यावाल्यांचे अकरा निघाले, वीजवाल्यांचे नऊ, ड्रेनेजचे पाच. दोन बेवारस राहिले, आणि तेच सगळ्यांत मोठे. पोरांनी आधीच त्यांची बारशी केली होती. सर्वांत खोल तो ‘ब्लास्ट फर्नेस’, आणि ज्यात काळं पाणी साचायचं तो ‘कोक ओव्हन’. आता अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा यावर वाद पेटला. बंगाली बाबूंना इंग्रजी हवी होती, सरदारजींना आपल्या दारचा खड्डा पहिल्या नंबरावर हवा होता, आणि कोपऱ्यावरच्या मद्रासी फोरमनचं म्हणणं होतं की त्याच्या दारापुढच्याला खड्डा म्हणूच नये, तो तलाव आहे. शेवटी चौदा सह्यांचा अर्ज तिन्ही खात्यांना गेला. तिन्हीकडून एकच उत्तर आलं, अर्ज योग्य त्या खात्याकडे पाठवला आहे.

या गल्लीत आमच्याशिवाय मराठी घर एकच होतं, पंजाबरावचं. कारखान्यात टाइमकीपर. नागपूरकडचा कुणबी, गावी पाटीलकी. स्वच्छ पांढरे कपडे आणि सायकलच्या चेनला नियमित तेल. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेले, हे त्याला न सांगता माहीत होतं. आमच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आहे, ती रस्त्यावरून दिसते. बोलायचा मोकळा, चेष्टाही करायचा. पण दीड वर्षात आमच्या ओट्याच्या वर त्याचा पाय पडला नव्हता.

तो पाय ब्लास्ट फर्नेसने पाडला. एका सकाळी पंजाबराव सायकलसकट त्या खड्ड्यात गेला. मी धावलो, काखेत हात घालून बाहेर काढला आणि त्याच्या पांढऱ्या पँटीची अवस्था पाहून हसू दाबत घरात आणून बसवलं. कांताने पाण्याचा गडवा पुढे केला. त्याने गडव्याकडे क्षणभर पाहिलं. मग घटाघटा प्याला. तो क्षण मी पाहिला, नाही पाहिला असं कशाला म्हणू? पण प्याला, हेही पाहिलं.

‘‘देवाजी,’’ तो तोंड पुसत म्हणाला, ‘‘अर्ज-बिर्ज सोड. आपनच भरू. मले रोज हजेरी लावा लागते, रोज आंघोळ करून नाही जाता येत.’’

दसऱ्याआधीच्या रविवारी आम्ही मुरूम टाकला. कामावरचा एक डंपर ड्रायव्हर मोकळ्या फेरीत एक खेप आमच्या टोकाला ओतून गेला. सरदारजींनी टोपली उचलली, बंगाली बाबूंनी सूचना उचलल्या. पंजाबराव घमेली वाहता वाहता मला टोमणे मारत होता, ‘‘मी तुया मायसाठी भरून राहिलो, तुयासाठी नाही. तुयासाठी असतं त दोन खड्डे आनखी खोदले असते.’’ संध्याकाळी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. डांबर नव्हतं, पण सपाट होतं. वाटाणा नाही, तर निदान लिंबू तरी गेलं असतं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मी चहा बसून प्यालो.

दसऱ्याला नागपूरला गेलो. गर्दीत आई सापडली. काठी, नवं पांढरं लुगडं, पायात चपला. दोन दिवस ती त्या गर्दीतून माझ्यापेक्षा ताठ चालली. पॅसेंजरने दुर्गला, तिथून बसने सेक्टरला, आणि बसथांब्यावरून सायकलरिक्षा केली. रिक्षात मी बडबडत होतो आणि ती एका डोळ्याने क्वार्टरांच्या रांगा पाहत होती.

कोपऱ्यावर रिक्षा थांबली.

पाण्यावाले त्याच सकाळी येऊन गेले होते. आमचा मुरूम उपसून रस्त्याच्या आरपार चर खणलेला, बाजूला चिखलाचे ढीग, आणि एकही माणूस कामावर नाही. रिक्षावाला म्हणाला, पुढे जाणार नाही. मला रडू यायचं बाकी होतं. मी आईला हात देऊन उतरवलं. ती उतरली, गल्लीकडे पाहिलं, दोन्ही बाजूंची पक्की घरं पाहिली, ओट्यांवर बसलेली माणसं पाहिली. मग वाकून तिने चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

‘‘माय, चार दिस आधी असं नव्हतं,’’ मी सुरू झालो. ‘‘आमी स्वता भरलं होतं सारं. हे पान्यावाले... राहू दे, चिखल हाय ना, मी उचलून नेतो तुले. नाहीतर फळी टाकतो.’’

ती ऐकतच नव्हती. पदर पुढे ओढून, मान खाली घालून ती रस्त्याच्या अगदी कडेने, नालीला लागून चालू लागली. चर संपला, चिखल संपला, पुढे कोरडा सपाट रस्ता आला, तरी चपला हातातच होत्या. मी खड्ड्यांबद्दल बोलत राहिलो. काय मूर्ख माणूस मी! माझ्या गावच्या पाटलाच्या आळीतून ती जन्मभर अशीच चालली होती, लहानपणी मी तिच्या मागे चालत होतो, आणि तरी मला पत्ता लागला नाही.

पंजाबराव त्याच्या दारात उभा होता. ‘‘या मावशी, या! लय वाट पाह्यली तुमची,’’ तो मोठ्याने म्हणाला.

त्याचं बोलणं, त्याची धोतर नेसायची ढब, सगळं गावाकडचं. आईने वर न बघताच ओळखलं. ती आणखी खाली, नालीच्या काठावर सरकली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘जोहार, मायबाप.’’

दीक्षेला पाच वर्षं झाली होती. गावात आमच्या वस्तीत कोणी तो शब्द काढत नव्हतं. पंजाबरावचं हसणं जागच्या जागी थांबलं. ‘‘मावशी, मी कायचा मायबाप,’’ तो कसाबसा म्हणाला, ‘‘मी टाइमकीपर हाव,’’ आणि मान वळवून उभा राहिला. माझं अंग पेटलं होतं. कोणावर, ते सांगता येत नाही. त्याच्यावर नाही, आईवर तर नाहीच. मी तिच्या हातातली काठी घेतली आणि तिला हाताला धरून घरात नेलं.

घरात ती खाली बसली, कांताच्या हातचं पाणी प्याली. मग म्हणाली, ‘‘रस्ता चांगला हाय गा. मोठ्या लोकायचा हाय. मी सोमवारी जातो.’’

‘‘आपला रस्ता हाय, माय.’’

‘‘तुया दारापुढून जाते. म्हून तुया होते का?’’

मी ओरडलो. नको ते बोललो. म्हणालो, मी लोखंडाचे वीस-वीस टनांचे गोळे उचलतो, कारखाना आमच्या हातांनी उभा राहिला, आणि तू मला हे सांगतेस! आई पायाचा चिखल पुसत राहिली. माझ्या ओरडण्याचा तिच्यावर कधीच परिणाम होत नसे. कांताने मला हाताला धरून परसात नेलं आणि सिमेंटातल्या केळीपाशी उभं केलं. ‘‘तुमी उद्या कामावर जा,’’ एवढंच म्हणाली.

शनिवारी माझी पहिली पाळी होती. रोलिंग मिलमध्ये दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक साखळी उलटी अडकवली, फोरमनने हाकलून बाजूला बसवलं. सोमवार दोन दिवसांवर आला होता. मी तिला पुन्हा त्या विहिरीपाशी सोडणार होतो, आणि माझ्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

दोन वाजता सुटून सायकल हाणत घरी आलो. दार उघडं, घरात कोणी नाही. मी गल्लीत धावलो. पंजाबराव ओट्यावरून खाली आला.

‘‘तुही माय मेंटेनन्स ऑफिसात गेली.’’

‘‘कावून? काय झालं?’’

‘‘पडली ना बापा. जास्त नाही लागलं, घाबरू नको. कांतासंग बाजारात जाऊन राहिली होती. कांता म्हने, आत्याबाई, रस्त्यावर काच हाय, खिळे हायेत, अनवानी पाय ठेवला त दवाखाना. झालं, घातल्या चपला. पान्यावाल्यायनं सकाळी इथलाही मुरूम उपसला. मंग कांता मधातून चालली, नालीकडून चालाले जागाच नव्हती, चिखल होता. म्हातारीही मधातून चालली. अन् इथं, ब्लास्ट फर्नेसात पाय गेला. चप्पल तुटली. मी धावलो उचलाले, त मलेच बोलली!’’

‘‘काय बोलली?’’

पंजाबरावने घसा साफ केला. ‘‘म्हने, का गा, एवढा मोठा मानूस दारात उभा राह्यतं, अन् दारापुढं खड्डा! लाज नाही वाटत?’’ आणि तो हसला. डोळ्यांत पाणी होतं की काय, मी पाहिलं नाही. मी सायकलवर टांग टाकली होती.

ऑफिसच्या खिडकीसमोर दहाबारा माणसं जमली होती. कांता भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून उभी. आई खिडकीशी. गुडघ्यापाशी लुगड्याला चिखल, एक पाय अनवाणी, तुटलेली चप्पल केवलरामच्या रजिस्टरवर ठेवलेली.

‘‘मानसं चालतेत थ्या रस्त्यानं! ढोरं नाही चालत!’’ ती आपल्या मराठीत त्याला झापत होती. ‘‘खोदा लागते त खोदा, पन बुजवाचं कोनं? तुया घरचा रस्ता असता त असा ठेवला असता का?’’

केवलरामला तिची भाषा पूर्ण कळत नसावी, पण सूर कळत होता. त्याच्या गालातली लवंग हलत नव्हती. ‘‘काबर गुसियाथस, दाई,’’ तो त्याच्या बोलीत समजूत घालत होता, आई, रागावू नको म्हणून. ‘‘लिखथंव ना. किसका रोड है, बताओ.’’

त्याला खातं विचारायचं होतं, पाण्याचं की विजेचं. आई त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू इतका खुळा प्रश्न तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

‘‘आमचा,’’ ती म्हणाली. ‘‘कोनाचा राहीन? लिह. आमचा रस्ता हाय.’’

मी गर्दीच्या मागेच थांबलो. पुढे जायची माझी हिंमत झाली नाही. केवलरामने खाली मान घालून लिहिलं. पुढे रजिस्टर सरकवलं, शाईचा पॅड उघडला. आईने अंगठा उमटवला, तो सुकेपर्यंत फुंकर घातली, मग विचारलं, ‘‘कधी होईन?’’

‘‘आठ-दस दिन तो लगेगा, दाई.’’

‘‘अन् मी इथं नसली, त तुमी करतच नाही. मले समजते.’’ ती कांताकडे वळली. ‘‘सोमवारचं राहू दे वं. काम पाह्यल्याशिवाय कशी जाऊ?’’

तेवढ्यात तिला मी दिसलो. ‘‘अन् तू काय उभा राह्यला? सहा महिने इथं राहून राह्यला अन् एक तक्रार नाही करता येत तुले?’’

मी दीड वर्ष राहत होतो आणि माझ्या तक्रारींनी केवलरामच्या रजिस्टरची पानं भरली होती. मी नुसती मान डोलावली. कांताने आईचा हात धरला आणि दोघी निघाल्या. आई एका पायात चप्पल घालून, रस्त्याच्या मधोमध, सायकलवाल्यांना काठीने बाजूला करत चालली होती.

त्या लांब जाईपर्यंत मी थांबलो. मग खिडकीत डोकं घातलं. केवलराम सावध झाला. सहा आठवडे मी त्याला ओरडूनच बोललो होतो.

‘‘केवलराम भाई,’’ मी हळूच म्हटलं, ‘‘यह जो आखिरी कम्प्लेंट है ना, इसकी कोई जल्दी नहीं है.’’